द बीएफजी

द बीएफजी ही ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल यांची १९८२ साली प्रकाशित झालेली इंग्लिश बालकादंबरी आहे. शीर्षकातील तीन अक्षरे ही 'बिग फ्रेंडली जायंट' या शब्दांची आद्याक्षरे असून त्यांचा अर्थ 'मोठा प्रेमळ राक्षस' असा होतो. सोफी नावाची एक अनाथ मुलगी आणि माणसे न खाणारा एकुलता एक राक्षस यांची मैत्री, तसेच माणसे खाणाऱ्या इतर नऊ राक्षसांचा या दोघांनी इंग्लंडच्या राणीच्या मदतीने केलेला बंदोबस्त हा कादंबरीचा विषय आहे. क्वेंटिन ब्लेक यांनी कादंबरीची चित्रे काढली आहेत. साधारणपणे आठ ते बारा वर्षे वयोगटातील वाचकांसाठी लिहिलेल्या विनोदी साहसकथांमध्ये हे पुस्तक विशेष प्रसिद्ध आहे. राक्षसाची मोडकीतोडकी, परंतु कल्पक भाषा हे त्याचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य मानले जाते.

## पार्श्वभूमी

रोआल्ड डाल (१९१६–१९९०) यांचा जन्म वेल्समधील कार्डिफजवळ एका नॉर्वेजियन कुटुंबात झाला. लहानपणी आईकडून ऐकलेल्या नॉर्वेतील लोककथांमध्ये ट्रोल आणि राक्षस वारंवार येत. पुढे स्वतःच्या मुलींना झोपताना गोष्टी सांगण्याचा परिपाठ डाल यांनी ठेवला. मुलांच्या खोल्यांमध्ये रात्री स्वप्ने फुंकणारा एक प्रेमळ राक्षस या गोष्टींमध्ये असे. गोष्ट संपल्यावर वडील बाहेर जाऊन शिडीवर चढत आणि खिडकीतून काठी आत सरकवून राक्षस आल्याचा भास निर्माण करत, अशी आठवण त्यांच्या मुलींनी नंतर सांगितली आहे.

हा राक्षस छापील स्वरूपात प्रथम आला तो डाल यांच्या १९७५ सालच्या 'डॅनी, द चॅम्पियन ऑफ द वर्ल्ड' या कादंबरीत. तेथे डॅनीचे वडील त्याला झोपण्यापूर्वी जी गोष्ट सांगतात, त्या गोष्टीचा नायक हा राक्षस आहे. या लहानशा उपकथेचा विस्तार करून डाल यांनी पुढे स्वतंत्र कादंबरी लिहिली. आरंभीच्या मसुद्यात राक्षसासोबत जॉडी नावाचा मुलगा होता. नंतर त्याच्या जागी मुलगी आली आणि तिला डाल यांची नात सोफी हिचे नाव देण्यात आले. अमेरिकन प्रकाशनसंस्थेतील संपादक स्टीफन रॉक्सबर्ग यांनी हस्तलिखितावर सविस्तर सूचना केल्या होत्या आणि त्यांपैकी अनेक डाल यांनी स्वीकारल्या.

पुस्तक ऑलिव्हिया या डाल यांच्या थोरल्या मुलीला अर्पण केलेले आहे. गोवरातून उद्भवलेल्या मेंदूज्वराने १९६२ साली, वयाच्या सातव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. गोवराची लस त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेत उपलब्ध झाली. १९८० च्या दशकात डाल यांनी पालकांना उद्देशून एक पत्र लिहिले व मुलांना ही लस टोचून घेण्याचे आवाहन केले. आपली दोन पुस्तके ऑलिव्हियाला अर्पण केलेली आहेत आणि त्यांपैकी 'द बीएफजी' हे तिच्या मृत्यूनंतरचे आहे, असा उल्लेख त्या पत्रात आहे.

## कथानक

सोफी मिसेस क्लॉंकर्स या कठोर बाईच्या अनाथाश्रमात राहते. मध्यरात्री जाग आली असता तिला खिडकीतून रस्त्यावर एक प्रचंड आकृती दिसते. ही आकृती समोरच्या घरातील मुलांच्या खोलीत लांब तुतारीसारख्या नळीतून काहीतरी फुंकत असते. आपल्याला कोणी पाहिले आहे हे लक्षात येताच राक्षस सोफीला अंथरुणातून उचलतो आणि वेगाने धावत राक्षसांच्या देशातील आपल्या गुहेत नेतो.

हा आता आपल्याला खाणार, अशी सोफीची खात्री झालेली असते. परंतु तो माणसे खात नाही. त्याला भीती एवढीच असते, की सोफी राक्षस पाहिल्याचे सर्वांना सांगेल आणि माणसे त्याला पकडून प्राणिसंग्रहालयात ठेवतील. त्याच्या देशात स्नॉझकंबर या काकडीसारख्या, अत्यंत बेचव व किळसवाण्या फळाखेरीज काहीही उगवत नाही. माणसांच्या शेतातून भाजीपाला चोरणे त्याला पटत नाही, म्हणून तो तेच खाऊन जगतो. मुलीला पळवून आणणारा भाजी चोरायला मात्र तयार नाही, ही विसंगती सोफी त्याच्या लक्षात आणून देते.

त्याचे नऊ शेजारी मात्र रोज रात्री जगातील निरनिराळ्या देशांत जाऊन माणसे खातात. त्यांपैकी ब्लडबॉटलर अचानक गुहेत येतो, तेव्हा सोफी स्नॉझकंबरमध्ये लपते. तो त्याच फळाचा घास घेतो, परंतु चव सहन न होऊन सोफीसह सर्व थुंकून टाकतो. जे फळ बीएफजीसाठी शिक्षा आहे, तेच अशा रीतीने सोफीचा जीव वाचवते.

बीएफजीचे कान अतिशय मोठे असून त्यांच्या साहाय्याने त्याला स्वप्नांचाही आवाज ऐकू येतो. स्वप्नांच्या देशात जाऊन तो ती जाळ्याने पकडतो, काचेच्या बरण्यांमध्ये ठेवतो आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी लावतो. चांगली स्वप्ने तो रात्री मुलांना देतो. वाईट स्वप्ने मात्र कोंडून ठेवतो. असेच एक भयंकर स्वप्न झोपलेल्या फ्लेशलंपईटरच्या नाकात फुंकल्यावर राक्षसांमध्ये तुंबळ मारामारी सुरू होते.

राक्षस इंग्लंडमधील मुलांना खायला निघाले आहेत हे कळल्यावर सोफी एक योजना आखते. बीएफजीने राणीसाठी एक स्वप्न तयार करावे. त्यात राक्षसांची कृत्ये दिसावीत आणि जागे झाल्यावर खिडकीत एक मुलगी बसलेली असेल, हेही दिसावे. त्यानुसार दोघे बकिंगहॅम राजवाड्यात पोहोचतात. राणी जागी होते, मुले नाहीशी झाल्याची बातमी वर्तमानपत्रात छापून आलेली असते आणि खिडकीत खरोखरच सोफी बसलेली असते. राणी इतर देशांच्या राज्यकर्त्यांना दूरध्वनी करून खात्री करून घेते आणि भूदल व वायुदलाच्या प्रमुखांना बोलावते.

दिवसा राक्षस झोपलेले असताना सैनिक त्यांना बांधतात. फ्लेशलंपईटर मध्येच जागा होतो. तेव्हा सोफी राणीने दिलेल्या दागिन्याची पिन त्याच्या घोट्यात खुपसते, बीएफजी त्याला विषारी साप चावल्याचे भासवतो आणि त्या गडबडीत सैनिक त्यालाही जखडतात. नऊ हेलिकॉप्टरांना लटकवून राक्षसांना इंग्लंडमध्ये आणले जाते आणि एका खोल खड्ड्यात ठेवले जाते. तेथे त्यांना कायमचे स्नॉझकंबर खावे लागते.

ज्या देशांतील माणसे वाचली, त्या देशांकडून बीएफजी आणि सोफीला भेटी येतात. भारताचा राज्यकर्ता बीएफजीला हत्ती पाठवतो. हत्तीवर बसून जंगलात फिरावे, ही त्याची जुनी इच्छा असते. राणी विंडसरच्या किल्ल्याजवळ बीएफजीसाठी घर आणि त्याच्या शेजारी सोफीसाठी छोटी झोपडी बांधून देते. सोफी त्याला नीट वाचायला व लिहायला शिकवते. अखेरीस वाचकाला कळते, की हातातले पुस्तक बीएफजीनेच लिहिलेले असून संकोचामुळे त्याने त्यावर दुसऱ्याचे नाव घातले आहे.

## पात्रे

* सोफी – चष्मा लावणारी अनाथ मुलगी. ती घाबरते, परंतु प्रश्न विचारणे थांबवत नाही. राक्षसांचा बंदोबस्त करण्याची कल्पना तिचीच आहे.
* बीएफजी – २४ फूट उंचीचा वृद्ध राक्षस. माणसाच्या दृष्टीने तो अवाढव्य असला तरी राक्षसांमध्ये तो सर्वांत ठेंगणा आहे. इतर राक्षस चेंडूसारखा त्याला एकमेकांकडे फेकून त्याची थट्टा करतात.
* नऊ नरभक्षक राक्षस – फ्लेशलंपईटर, बोनक्रंचर, मॅनहगर, चाइल्डच्युअर, मीटड्रिपर, गिझर्डगल्पर, मेडमॅशर, ब्लडबॉटलर आणि बुचर बॉय. त्यांची नावे त्यांच्या कृत्यांवरून पडली आहेत. उदाहरणार्थ, बोनक्रंचर म्हणजे हाडे चुरडणारा.
* इंग्लंडची राणी – पुस्तकात तिचे नाव दिलेले नाही. ती शांत, चतुर आणि प्रसंगावधानी आहे.
* मेरी आणि मिस्टर टिब्स – अनुक्रमे राणीची दासी आणि राजवाड्याचा मुख्य सेवक.

## भाषा

बीएफजी शाळेत गेलेला नाही. त्याने भाषा शिकली ती चार्ल्स डिकन्स यांच्या 'निकोलस निकलबी' या एकाच कादंबरीतून, आणि त्या लेखकाचे नावही तो 'डाल्स चिकन्स' असे उलटेपालटे करून सांगतो. त्याच्या बोलण्यात व्याकरणाचे नियम मोडतात, शब्दांची अक्षरे जागा बदलतात आणि दोन शब्द एकमेकांत मिसळतात. 'ह्यूमन बीइंग' म्हणजे मनुष्यप्राणी, परंतु त्याच्या तोंडी तो 'ह्यूमन बीन' होतो. 'बीन' म्हणजे शेंगेतला दाणा. त्यामुळे माणूस हा खाण्याचा पदार्थ असल्याचे शब्दातूनच सूचित होते. डाल यांनी घडवलेल्या या भाषेला 'गॉबलफंक' म्हणतात.

त्यातील काही शब्द पुढीलप्रमाणे आहेत:

* स्नॉझकंबर – काळे-पांढरे पट्टे असलेले, काकडीसारखे दुर्गंधी फळ. शब्दाचा उत्तरार्ध काकडीच्या इंग्लिश नावावरून घेतलेला आहे.
* फ्रॉबस्कॉटल – राक्षसांचे आवडते हिरवे पेय. त्यातील बुडबुडे वर न जाता खाली जातात.
* व्हिझपॉपिंग – हे पेय प्यायल्यावर सुटणारा मोठा आवाज. बुडबुडे खाली जात असल्याने ढेकर येत नाही, वायू सरतो.
* फिझविझर्ड – आनंद देणारे स्वप्न.
* ट्रॉगलहंपर – अतिशय भयानक स्वप्न.

बहुतेक शब्दांचा अर्थ ध्वनीवरून आणि संदर्भावरून लहान वाचकाला स्वतःच लावता येतो. अर्थ सांगणारी सूची पुस्तकात नाही आणि तिची गरजही भासत नाही. आपल्याला बरोबर बोलता येत नाही याची बीएफजीला मनापासून लाज वाटते. सोफी आरंभी त्याच्या चुका दाखवते, परंतु तो दुखावला जातो हे पाहून तिचा सूर बदलतो आणि ती त्याच्या बोलण्याचे कौतुक करते. कथेच्या अखेरीस हाच राक्षस लेखक ठरतो. ज्याची भाषा चुकीची समजली गेली, त्याच्याच नावावर संपूर्ण पुस्तक जाते, आणि त्यामुळे भाषेचा हा खेळ कथानकाचाही भाग बनतो.

## भय आणि विनोद

कादंबरीतील मूळ प्रसंग भीतिदायक आहेत. रात्री मुले झोपेतून उचलली जातात व खाल्ली जातात आणि ती परत येत नाहीत. डाल यांनी ही वस्तुस्थिती सौम्य केलेली नाही. मात्र तिच्यासोबत सतत विनोदाची योजना केली आहे.

राक्षस देशोदेशीच्या माणसांची चव देशांच्या नावांवरील कोट्यांतून सांगतात. तुर्कस्तानातील माणसे टर्की पक्ष्यासारखी लागतात, कारण इंग्लिशमध्ये दोन्ही शब्द एकच आहेत. पनामातील माणसांना टोप्यांची चव असते, कारण 'पनामा' हा टोपीचा प्रसिद्ध प्रकार आहे. ऐकणारा हसतो, परंतु विषय माणसे खाण्याचाच असतो.

राजवाड्यातील न्याहारीचा प्रसंग विनोदाचा उत्कृष्ट नमुना मानता येईल. बीएफजीसाठी उंच घड्याळांचे पाय करून त्यांवर टेबल टेनिसची फळी ठेवली जाते. काट्याऐवजी बागकामाचा दाताळा, चमच्याऐवजी फावडे आणि सुरीऐवजी तलवार दिली जाते. राक्षस सहा फुटी माणसाच्या चौपट उंच आहे, म्हणून मिस्टर टिब्स प्रत्येक पदार्थ चौपट वाढतात. ते अन्न राक्षसाला अर्थातच पुरत नाही. उंची चौपट झाल्यास लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही दिशांनी वाढ होते व शरीराचे आकारमान चौसष्टपट होते, हे गणित टिब्स यांच्या लक्षात येत नाही. याच प्रसंगी बीएफजी राणीसमोर व्हिझपॉपिंग करून दाखवतो. राजदरबाराचे शिष्टाचार आणि शरीराचा नैसर्गिक धर्म यांतील हा विरोध लहान वाचकांना विशेष आवडतो.

विनोदासोबत नैतिक प्रश्नही येतात. माणसे खाणाऱ्या राक्षसांचा सोफीला संताप येतो. त्यावर राक्षस एकमेकांना मारत नाहीत, माणसे मात्र आपल्याच जातीला ठार करतात, याकडे बीएफजी तिचे लक्ष वेधतो. तिच्याकडे त्याचे समाधानकारक उत्तर नसते. पुढे सेनाधिकारी राक्षसांना बॉम्बने उडवण्याचा विचार मांडतात, तेव्हा राणी त्याला नकार देते आणि त्यांना जिवंत पकडण्याचा आदेश देते.

## चित्रे

क्वेंटिन ब्लेक आणि डाल यांचे सहकार्य १९७८ सालच्या 'द इनॉर्मस क्रोकोडाइल' या पुस्तकापासून सुरू झाले होते. 'द बीएफजी'साठी आरंभी प्रकाशकांनी मोजकीच चित्रे मागवली होती. ती फारच कमी आहेत असे डाल यांचे मत पडल्याने चित्रांची संख्या वाढवण्यात आली.

मूळ वर्णनानुसार राक्षसाच्या अंगावर काळा ॲप्रन आणि पायात मोठे बूट होते. चित्रे पाहिल्यावर हा पोशाख डाल यांना पसंत पडला नाही व त्यांनी मजकुरातच बदल केला. पायताण कसे असावे हे शब्दांत सांगण्याऐवजी त्यांनी आपली एक जुनी नॉर्वेजियन सँडल टपालाने ब्लेक यांच्याकडे पाठवली. चित्रांतील राक्षसाच्या पायात तीच दिसते. मोठे कान, सुरकुतलेला चेहरा आणि सडपातळ अंगकाठी यांमुळे हा राक्षस भीतिदायक न वाटता एखाद्या आजोबांसारखा वाटतो.

## प्रकाशन आणि भाषांतरे

ब्रिटनमध्ये जोनाथन केप आणि अमेरिकेत फरार, स्ट्रॉस अँड जिरू या संस्थांनी कादंबरी प्रकाशित केली. ब्रिटनमधील फेडरेशन ऑफ चिल्ड्रन्स बुक ग्रुप्स या संस्थेचा पुरस्कार तिला मिळाला. या पुरस्काराच्या निवडीत मुलांचा सहभाग असतो. जर्मन भाषांतराला १९८५ साली जर्मनीचा बालसाहित्य पुरस्कार देण्यात आला.

गॉबलफंकमुळे या पुस्तकाचे भाषांतर हे कठीण काम ठरते. शब्दाचा केवळ अर्थ देऊन भागत नाही. त्यातील चूक, नाद आणि गंमत या तिन्ही गोष्टी दुसऱ्या भाषेत नव्याने घडवाव्या लागतात. शीर्षकाच्या आद्याक्षरांचाही प्रश्न उद्भवतो. डच आवृत्ती 'डी जीव्हीआर' आणि इटालियन आवृत्ती 'इल जीजीजी' यांनी आपापल्या भाषेतील आद्याक्षरे घेतली. जर्मन आवृत्तीने मात्र आद्याक्षरे सोडून 'सोफी आणि राक्षस' अशा अर्थाचे शीर्षक निवडले. २०१६ साली सुझन रेनी यांनी 'द जीएफजी' या नावाने स्कॉट्स भाषेत अनुवाद केला. डाल यांच्या शब्दांचा ऑक्सफर्डने त्याच वर्षी प्रकाशित केलेला कोशही रेनी यांनीच संकलित केला आहे.

## रूपांतरे

ब्रिटनमधील कॉसग्रोव्ह हॉल या संस्थेने तयार केलेला ॲनिमेशनपट २५ डिसेंबर १९८९ रोजी दूरचित्रवाणीवर प्रसारित झाला. त्याचे दिग्दर्शन ब्रायन कॉसग्रोव्ह यांनी केले होते आणि बीएफजीला डेव्हिड जेसन यांनी आवाज दिला होता. डेव्हिड वुड यांनी १९९१ साली कादंबरीचे नाट्यरूपांतर केले.

स्टीव्हन स्पीलबर्ग दिग्दर्शित चित्रपट २०१६ साली, म्हणजे डाल यांच्या जन्मशताब्दी वर्षात प्रदर्शित झाला. मार्क रायलन्स यांनी बीएफजीची, रूबी बार्नहिल हिने सोफीची आणि पेनेलोपी विल्टन यांनी राणीची भूमिका केली. संगीत जॉन विल्यम्स यांचे होते. पटकथाकार मेलिसा मॅथिसन यांनीच १९८२ साली, कादंबरी प्रकाशित झाली त्याच वर्षी आलेल्या 'ई.टी.' या चित्रपटाची पटकथा लिहिली होती. एकाकी मूल आणि अनोळखी प्राणी यांची मैत्री हा दोन्ही चित्रपटांचा विषय आहे. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, नोव्हेंबर २०१५ मध्ये मॅथिसन यांचे निधन झाले. रायलन्स यांच्या अभिनयाची प्रशंसा झाली, मात्र खर्चाच्या मानाने चित्रपटाला तिकीटबारीवर अपेक्षित यश मिळाले नाही.

## मजकुरातील बदलांचा वाद

फेब्रुवारी २०२३ मध्ये पफिन या प्रकाशनसंस्थेने डाल यांच्या बालपुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत अनेक शब्द बदलल्याचे उघड झाले. 'द बीएफजी'मध्ये राक्षसाच्या झग्याचा काळा रंग आणि भीतीने चेहरा पांढरा पडणे यांसारखे रंगवाचक उल्लेख बदलण्यात आले होते. आजच्या मुलांना ही पुस्तके निःसंकोचपणे वाचता यावीत, हा बदलामागील हेतू सांगितला गेला. दिवंगत लेखकाच्या शब्दांत इतरांनी फेरफार करणे अयोग्य आहे, अशी टीका अनेक लेखकांनी केली. त्यानंतर जुना मजकूर असलेली आवृत्तीही स्वतंत्रपणे उपलब्ध ठेवण्याचे पफिनने जाहीर केले. जाणूनबुजून मोडक्या केलेल्या भाषेसाठी प्रसिद्ध असलेल्या या पुस्तकाच्या बाबतीत शब्द कोणी आणि कितपत सुधारावेत, हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरला.

## हेही पहा

* रोआल्ड डाल
* क्वेंटिन ब्लेक
* इंग्लिश बालसाहित्य
* स्टीव्हन स्पीलबर्ग